तारेवरचा निळा चिमटा

सहासष्टाव्या वर्षी पळता कशाला, असं कुणी विचारलं की थोरलीचं उत्तर तयार असायचं. चालत गेलं की तुमच्यासारखे गाठतात आणि बोलत बसतात, म्हणून. विचारणारा ओशाळून हसायचा आणि रस्ता सोडायचा. तिच्या नाकावर माशी बसत नाही हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. चाळीस वर्षं तिने कपडे धुण्याचं दुकान चालवलं होतं. दवाखान्याच्या चादरी, खानावळीचे टेबलक्लॉथ, वकिलांचे पांढरे शर्ट. डाग कसला आहे हे ती लांबून सांगायची, आणि कपड्याचा मालक समोर उभा असला तर तो कसा पडला असेल तेही सांगायची. गिऱ्हाईक तुटत नव्हतं ते धुलाई चोख म्हणून. जिभेकडे बघून कुणी आलं असतं तर दुकान केव्हाच बसलं असतं.

दुकान तिचं एकटीचं नव्हतं. धाकटी जाऊ होती. दोघी सख्ख्या भावांना दिलेल्या, एका छपराखाली नांदलेल्या, आणि दोघींचे दादले दोन वर्षांच्या अंतराने गेल्यावरही त्याच छपराखाली राहिलेल्या. थोरलीने बोलायचं, धाकटीने वाळत घालायचं, अशी वाटणी. धाकटीला मूल झालं नाही. थोरलीला एक लेक, आणि ती वाढली काकूच्या मांडीवर. थोरलीने एकच हट्ट धरला होता, की पोरीचा हात धुण्याच्या पाण्यात पडू द्यायचा नाही. पोर शिकली, चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायला लागली, आणि लग्न होऊन दोन गल्ल्या सोडून राहायला गेली. चादर वाळत कशी घालतात हे तिला आजही नीट येत नाही. थोरली हे अभिमानाने सांगायची.

पळणं सुरू झालं ते साखरेमुळे. डॉक्टर म्हणाला, रोज तासभर दम लागेपर्यंत चाला, नाहीतर डोळे जातील, पाय जातील. थोरलीला एकटीने रस्त्यावर जायची लाज, आणि लाज वाटते हे सांगायची त्याहून लाज. ती धाकटीला म्हणाली, तुझं अंग सुटलंय, उद्यापासून चल माझ्याबरोबर. धाकटी काडीसारखी बारीक होती. तिने आपल्या काडीसारख्या अंगाकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "हो जाऊबाई, सुटलंय खरं."

चालता चालता पळायला लागल्या. कालव्याच्या कडेचा रस्ता धरायचा, चार किलोमीटरवर पाणी सोडायचं लोखंडी फाटक येतं, तिथून माघारी. तिथे त्यांना म्हाताऱ्या पळणाऱ्यांचं एक टोळकं भेटलं आणि त्या टोळक्याचा शिट्टीमास्तर. शाळेतला खेळाचा मास्तर होता, शाळा सुटली पण गळ्यातली शिट्टी सुटली नाही. त्याने दोघींना बूट कसले घ्यायचे ते सांगितलं, श्वास कसा धरायचा ते शिकवलं, आणि हिवाळ्याच्या शेवटच्या रविवारी गावातून दहा किलोमीटरची शर्यत निघते, तिच्यात साठीच्या पुढच्या बायकांचा वेगळा गट असतो, पहिल्या तिघींना ढाल मिळते, हे कानावर घातलं. ढाल म्हणजे लाकडाच्या फळीवर पत्रा ठोकलेला. पण थोरलीच्या डोक्यात ती जी बसली ती बसली.

चिमट्यांची रीत पहिल्याच हिवाळ्यातली. एके दिवशी थोरलीला ताप होता, धाकटी एकटी पळून आली. थोरलीने अंथरुणातून विचारलं, फाटकापर्यंत गेलीस? गेले. खरं? खरं. पुरावा काय? दुसऱ्या दिवशी धाकटीने दुकानातला एक लाकडी चिमटा निळीत बुडवून निळा केला आणि फाटकाशेजारच्या कुंपणाच्या तारेला लावून आली. जा, बघून या, म्हणाली. मग थोरलीनेही एक घेतला, कपड्यांवर खुणा करायच्या लाल शाईने रंगवला. तेव्हापासून नेम झाला. फाटकाला पोचायचं, कालचा चिमटा काढायचा, आजचा लावायचा, माघारी फिरायचं. नऊ हिवाळे त्या तारेवर एक लाल आणि एक निळा चिमटा शेजारी बसलेला असायचा, घोड्यावर दोन स्वार बसावेत तसा.

आणि मग गेल्या वर्षीची शर्यत.

त्या शर्यतीत थोरली तिसरी होती. आठव्या किलोमीटरला शिट्टीमास्तरने बाजूने बोटं दाखवून सांगितलंही, तीन. तेवढ्यात मागून धाकटीचा आवाज नाहीसा झाला. वळून बघितलं तर ती फुटपाथच्या कडेला बसलेली, एक हात बरगडीवर. थोरली थांबली. परत गेली. तिला उठवलं, पाणी पाजलं, हात धरून पळवलं. शेवटची रेघ ओलांडली तेव्हा थोरली चौथी, तिसरीच्या मागे नऊ सेकंद.

नऊ सेकंद. जिभेला हाड नसतं ते याच्यासाठीच म्हणतात. केळी वाटत होते तिथे, साऱ्या टोळक्यासमोर, थोरली म्हणाली, "लोढणं आहेस तू माझ्या गळ्यातलं. पळताना आज कळलं, पण ओढतेय चाळीस वर्षं."

ओढाळ गुराच्या गळ्यात ओंडका बांधतात, त्याला लोढणं म्हणतात. धाकटीने छातीवरच्या नंबराच्या चार सेफ्टीपिना एकेक करून काढल्या, कागदाची घडी घातली, अगदी कडांना कडा जुळवून, जशी ती चादरीची घालायची. मग म्हणाली, "मग पुढच्या वर्षी हलक्या होऊन पळा, जाऊबाई."

आठ दिवसांत ती कालव्यापलीकडे आपल्या भावाकडे राहायला गेली. थोरलीने अडवलं नाही. जाते तर जाऊ दे, दोन दिवसांत हातांना काम नाही म्हणून येईल परत. दोन दिवसांचे दोन महिने झाले. थोरलीने कामाला बाई ठेवली. ती चादरींचे कोपरे जुळवायची नाही. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, आणि इथे तर सुंभही धड जळलेला नव्हता. लेक दोन्हीकडे जायची. तिला थोरली तिसरीकडे बघत विचारायची, त्या घरी काय चाललंय? लेक म्हणायची, बरं आहे. बरं आहे तर आहे.

उन्हाळा गेला, पावसाळा गेला, थंडी पडली तशी थोरली पुन्हा पळायला निघाली. पहिल्याच पहाटे फाटकाशी पोचली, धापा टाकत कुंपणाकडे बघितलं, आणि तिथे तारेला निळा चिमटा.

म्हणजे बया पळतेय. पहाटे नाही, संध्याकाळी येत असणार, तोंड बघायला लागू नये म्हणून. थोरलीने आपला लाल चिमटा लावला, मुद्दाम दोन हात लांब. परत येताना तिला कळलं की आपण गुणगुणतोय, आणि तिने स्वतःला गप्प केलं.

मात्र चिमट्यात एक खोट होती. तो उलटा लावलेला होता. दोरीवर चिमटा वरून बसवायचा, तोंड खाली. खालून लावला तर तो वटवाघळासारखा लटकतो, तोंडात दव साठतं, तारेची स्प्रिंग गंजते, आणि गंजका चिमटा पांढऱ्या कपड्याला असा डाग पाडतो की देव आला तरी निघायचा नाही. हे थोरलीनेच धाकटीला नवी नवरी असताना शिकवलं होतं. चाळीस वर्षांत तिने एक चिमटा कधी खालून लावला नव्हता. आणि आता रोज, न चुकता, खालून.

मला चिडवायला करते, थोरलीने ठरवलं. गोगलगाय आणि पोटात पाय. मी शिकवलेलं मलाच उलटं करून दाखवते. दुसरं काही असेल हे तिच्या मनाला शिवलं नाही. राग आलेल्या माणसाला रागाशिवाय दुसरं काही वाचता येत नाही, आणि थोरलीला तसंही वाचायला जेमतेमच यायचं.

पण रागही रोज चार किलोमीटर पळवला की दमतो. थंडी वाढली. धुक्यात पुढचा दिव्याचा खांब दिसेना. थोरली गुडघ्याला पट्टा बांधून पळायची, मंगळवारी पुलाच्या चढावर सहा वेळा वर आणि सहा वेळा खाली, रविवारी लांबचं पळणं, बोटं इतकी गार की घरी आल्यावर कुलूप उघडायला दोन्ही हात लागायचे. शिट्टीमास्तर म्हणायचा, बाई, पहिले दोन किलोमीटर राग गिळून पळा, मग या वर्षी ढाल कुठे जात नाही. आणि रोज फाटकाशी तो निळा चिमटा तिची वाट बघत असायचा. एका पहाटे तिच्या लक्षात आलं की आपण ढालीसाठी उठत नाही, चिमटा बघायला उठतो. दुसऱ्या दिवशी तिने आपला चिमटा दोन हात लांब न लावता एक हातावर लावला. मग वीतभर अंतरावर. आणि त्यानंतरच्या पहाटे निळा चिमटा थेट लालच्या अंगाला टेकलेला होता. उलटाच, पण टेकलेला.

थोरलीने नाक पुसलं. थंडीने वाहत होतं.

त्या दिवशी तिने मनाशी पक्कं केलं. तो शब्द मागे घ्यायचा. पण घरी जाऊन नाही. धाकटीच्या भावजयीच्या दारात उभं राहून माफी मागायची, आणि तिने चहा द्यायचा, हे तिच्याने होणार नव्हतं. शब्द शर्यतीत टाकला होता, शर्यतीतच उचलायचा. नवव्या किलोमीटरला टायरच्या दुकानाचा कोपरा येतो, तिथून शेवटची रेघ दिसते. तिथे थांबायचं. धाकटी येईपर्यंत. पहिली असू, तिसरी असू, थांबायचं. ती आली की हात धरायचा आणि साऱ्या टोळक्यासमोर रेघ ओलांडायची. काय बोलायचं तेही तिने जुळवलं, मोडलं, पुन्हा जुळवलं. पळताना चार पावलांवर एक शब्द बसायचा. 'तुझ्याविना नको मला.' एवढंच. शर्यतीला सात आठवडे होते. घाई कसली. माणूस रोज पळतंय, चिमटा रोज लागतोय.

एकदाच तिचं मन अडखळलं होतं. लेक आली होती, आणि तिच्या स्कूटरच्या पुढच्या खणात, चष्म्याच्या घरांमध्ये, थोरलीला काहीतरी निळं दिसलं. तिने विचारलं नाही. लेकीचा चेहरा उतरलेला होता, डोळ्यांखाली काळं. थोरली म्हणाली, लोकांचे डोळे तपासतेस, आपले कधी बघ. लेक हसली, आणि उगीचच आईच्या गळ्यात पडली. थोरलीने तिला सोडवून घेतलं. असले लाड तिला कधी जमले नाहीत. ते काकूकडचं खातं.

शर्यतीच्या सकाळी ती पाऊण तास आधी मैदानावर होती. धाकटीची राखाडी कानटोपी तिने हजारात ओळखली असती, स्वतःच विणलेली. चारशे डोकी होती. तिने सगळी बघितली. राखाडी टोपी दिसली नाही. मागे कुठेतरी उभी असेल, थोरलीने म्हटलं, पुढे उभं राहायचा तिचा स्वभाव कुठे आहे.

पळाली मात्र ती अशी, की शिट्टीमास्तर पुढे कितीतरी दिवस सांगत होता. पहिले दोन किलोमीटर तिला गिळायला रागच सापडला नाही. पाचव्याला साठीपुढच्या बायकांत ती पाचवी होती, सातव्याला चौथी. आठव्याला, बरोबर त्याच फुटपाथपाशी, तिने तिसरीला मागे टाकलं. टायरच्या दुकानाच्या कोपऱ्यावर ती आली तेव्हा रेघ समोर होती, मागची बाई दिसतही नव्हती.

थोरली थांबली.

शिट्टीमास्तरला वाटलं पायात गोळा आला. तो पलीकडून शिट्टी फुंकत सुटला, हात हलवत, तोंड लाल. तिने त्याला हातानेच गप्प केलं आणि मागे तोंड करून उभी राहिली. चौथी आली, गेली. पाचवी गेली. तरणी पोरं गेली, जाडे गेले, बोलत बोलत चालणाऱ्या दोघी मैत्रिणी गेल्या. अंगावरचा घाम गार पडला. दात वाजायला लागले. दर टोपीला तिची मान उंच व्हायची. ये गं, ती पुटपुटली, किती वेळ. मग एक म्हातारा काठी टेकत गेला. मग कुणीच नाही. मग ती गाडी आली, जी रस्त्यावर ठेवलेले लाल-पांढरे अडथळे उचलत शेवटच्या माणसाच्या मागे चालते. गाडीतला माणूस म्हणाला, आजी, संपलं, मागे कुणी नाही.

"आहे," थोरली म्हणाली. "बघ नीट."

लेक रेघेकडून पळत आली. तिच्या पायात ऑफिसचे बूट होते. आईसमोर ती उभी राहिली. बोलली ती सगळं एकदम. काकू नाही येणार. काकू दवाखान्यात आहे. फुप्फुस. गेल्या शर्यतीत बसली होती ते त्याचंच होतं, पावसाळ्यात कळलं. या हिवाळ्यात ती एक पाऊल पळालेली नाही. तिने शपथ घातली होती.

थोरली म्हणाली, "आणि चिमटा?"

लेकीने मान खाली घातली. चष्म्याच्या दुकानातून घरी जाताना ती रोज संध्याकाळी स्कूटरवरून फाटकाशी जायची. काकूनेच चिमटे रंगवून दिले होते, अंथरुणात बसून. म्हणाली होती, मी पळत नाही हे कळलं तर ती पण सोडेल, मग साखर चढेल, डोळे जातील. तिला वाटू दे मी मागे आहे. मागे कुणी असलं की ती पळते.

वटवाघूळ. थोरलीच्या डोळ्यांपुढे तो लटकलेला चिमटा आला. धुण्याला कधी हात न लावलेल्या हाताने लावलेला. तिच्याच हट्टाने न शिकलेला तो हात. सगळा हिवाळा ती तो रोज बघत होती, आणि शब्द मागे घ्यायचं ठरवल्यानंतरचे सात आठवडे धाकटी बोलू शकत होती.

अंगावर नंबर तसाच घेऊन ती दवाखान्यात गेली. पायऱ्यांवर गुडघा वळेना. खाटेवर धाकटी होती त्यातली अर्धी उरली होती, तोंडावर प्राणवायूचा मुखवटा. नर्सने सांगितलं, बोलता येत नाही, झोपेचं इंजेक्शन आत्ताच दिलंय, फार वेळ घेऊ नका. धाकटीने डोळे उघडले. आधी थोरलीकडे नाही बघितलं, तिच्या छातीवरच्या नंबराकडे बघितलं. मग चादरीवरचा हात जेमतेम उचलला आणि तीन बोटं केली. भुवया वर. तीन?

थोरलीने तोंड उघडलं. चार पावलांवर एक असे जुळवलेले शब्द तिच्या घशाशी होते. पण लेक मागून म्हणाली, "हो काकू. तिसरी आली. ढाल मिळाली." माया होती तिची. सगळा हिवाळा तिने तेच केलं होतं.

धाकटी मुखवट्याआड हसली. इतकी हसली की तो धुरकट झाला. मग ती तीन बोटं तिने आपल्याच गळ्याशी नेली, आणि गळ्यातली दोरी सोडवावी तशी हलवली. सुटलं तुमचं लोढणं. बघा, म्हटलं नव्हतं? हात चादरीवर पडला, डोळे मिटले.

"खोटं आहे ते," थोरली म्हणाली. "ऐक. मी तिसरी नाही आले. कोपऱ्यावर थांबले होते तुझ्यासाठी. सगळे गेले, मी थांबले होते. ऐकतेस? तुझ्याविना नको मला. तो शब्द मी परत घेतला, अगं, केव्हाच घेतला."

धाकटीचा चेहरा तसाच राहिला, हसरा, सुटकेचा. थोरलीने तेच पुन्हा सांगितलं, कानाशी वाकून, मग तिसऱ्यांदा, मोठ्याने. नर्सने येऊन तिला खांद्याला धरून बाहेर नेलं. ऐकलं का नाही ऐकलं, हे तिला कुणी सांगू शकलं नाही. धाकटी पुन्हा जागी झाली नाही. चौथ्या दिवशी गेली.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी थोरली पहाटे उठली, पट्टा बांधला आणि फाटकापर्यंत पळाली. तारेवर शर्यतीच्या आदल्या संध्याकाळचा निळा चिमटा खालून लटकत होता, तोंडात दव भरलेलं. तिला तो सरळ करून बसवायचा होता, एवढंच. तिने तो दाबला आणि गंजलेली स्प्रिंग निसटली, दोन फळ्या दोन हातांत आल्या. चाळीस वर्षांत तिने असे हजार चिमटे डोळे मिटून जोडले होते. ती बसली, रस्त्याच्या कडेला, आणि जोडत राहिली. बोटं गार होती. स्प्रिंग खाचेत बसेना. बोटांवर तांबडा डाग उठला. उजाडलं तेव्हा तिने ते तुकडे खिशात टाकले आणि घरी निघाली, चालत.

चालत गेलं की लोक गाठतात. दूधवाल्याने सायकलवरून पाय टेकवला. त्याला काही ठाऊक नव्हतं, तो गेल्या हिवाळ्यापासून गावाला होता, आत्ताच परतला होता. म्हणाला, काय बाई, आज चालत? आणि एकट्या?

थोरली थांबली. तिने वळून मागचा रस्ता बघितला, कालव्याच्या कडेने पार धुक्यात गेलेला.

"धाकटी मागे राहिलीय," ती म्हणाली.